कुणाच्या आत?

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला होता: "आत." गॅलरीत बसवलं की आत, जेवायला बसवलं की आत. लेक बिचारी लगबगीने खुर्ची ढकलत त्यांना झोपायच्या खोलीत नेऊन ठेवायची. तिथेही "आत"च. शेवटी आज सकाळी धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "त्यांना आता काही कळत नाही, ताई. वृद्धाश्रमात जागा मिळालीय. आज न्यायला येतो." ताईने नाही म्हटलं नव्हतं, आणि तेच तिला सकाळपासून खात होतं.

मागच्या खोलीत पूर्वी बापलेक लिफ्टचे बिघडलेले इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करत. सोल्डरिंग तिचं, चिपचं काम बाबांचं. आज निदान डोळ्यांसमोर असावेत म्हणून तिने खुर्ची तिथे आणली आणि पहिल्यांदाच एकटीने चिपमध्ये प्रोग्राम भरायला घेतला. त्यासाठीचं खास यंत्र बाबांनी कधी घेतलंच नाही. लिनक्सवर चालणाऱ्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरच्या साध्या पिनांना वायरी जोडून ते चिपशी बोलत. वायरींवर चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरातल्या: एकीवर "आत", दुसरीवर "बाहेर". "आत"ची वायर तिने कॉम्प्युटरच्या ऐकायच्या पिनला जोडली, "बाहेर"ची बोलायच्या. चिप ढिम्म. पुन्हा केलं, पुन्हा ढिम्म.

"आत," बाबा म्हणाले.

"आतच आहात हो बाबा!" ती खेकसली, आणि लगेच तिचं तिलाच वाईट वाटलं.

"आत." त्यांचा धड हात उठला. बोट दाराकडे नव्हतं, वायरीकडे होतं. मग ते सरकत चिपवर थांबलं.

हात्तिच्या! चिपच्या आत. बाबांनी चिठ्ठ्या चिपच्या बाजूने लिहिल्या होत्या आणि ही बया वाचत होती कॉम्प्युटरच्या बाजूने. तिने दोन वायरींची अदलाबदल केली. चिपने मुकाट्याने पडद्यावर आपला ओळख-नंबर सांगितला. बाबांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं आणि तिला आठवलं. "मी आत आहे गं," असं ते पूर्वी ओरडून सांगत, ते याच खोलीतून. म्हणजे इतके दिवस ते कामावरच जायचं म्हणत होते, आणि आपण त्यांना रोज पलंगाशी नेऊन सोडत होतो.

दारात भाऊ उभा होता. "झाली तयारी?"

"आत," बाबा म्हणाले.

"बघ, पुन्हा तेच." सामान भरेपर्यंत त्यांना पलंगावर टेकवावं म्हणून त्याने खुर्ची झोपायच्या खोलीकडे वळवायला हात घातला.

ताईने चाक घट्ट धरलं. तिला रडू आवरेना. "थांब. कुणाच्या आत, ते आधी विचार त्यांना."