पेशी बोलल्या नाहीत

प्रयोगशाळेत तिला सगळे काचबाई म्हणत. केसासारखी काचनळी तापवून ती अशी ओढायची की टोक सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये. त्या टोकानं एकच जिवंत पेशी टोचायची. पेशी मरत नाही, आत काय चाललंय ते मात्र विजेच्या बारीक प्रवाहातून कळतं. ‘डास चावला तरी जास्त कळेल,’ असं ती नव्यांना सांगायची.

त्या दिवशी बशीतल्या पेशी तिच्या थोरल्या बहिणीच्या गाठीतल्या होत्या. औषधं दोन. पेशी कुठल्यानं नमतात, ते बघून डॉक्टर एक देणार होते. शरीराबाहेर पेशी फार तग धरत नाहीत, आणि पुन्हा गाठीला हात लावण्याइतकी ताकद ताईत उरली नव्हती.

पहिलं टोक बसवताच प्रवाह एकदम उसळला. टोक फुटलं. दुसरं फुटलं, तिसरंही. काचबाईनं नळी तापवायच्या भट्टीला शिव्या घातल्या, नळ्यांचा डबा बदलला, जीव तोडून नवी टोकं ओढली. तीही गेली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मागून म्हणाल्या, “अहो, अंगात काय घातलंय?”

काचबाईनं खाली पाहिलं. कोटाच्या आत ताईनं विणलेला लोकरीचा स्वेटर होता. सकाळी दवाखान्यातून निघताना ताईनंच अंगावर चढवलेला. लोकर घासली की अंगात वीज साठते. बोट लागलं की ती टोकात उतरते, टोकाचा चुरा. इथं लोकर घालून यायचं नाही, हा दम तीच सगळ्यांना द्यायची.

स्वेटर काढला. पुढचं टोक शाबूत राहिलं. पण तोवर बशीतल्या पेशी आक्रसून तरंगत होत्या. टोचायला जिवंत असं काही उरलंच नव्हतं.

डॉक्टरांनी अंदाजानं एक औषध निवडलं.

“काय गं, काय म्हणाल्या माझ्या पेशी?” संध्याकाळी दवाखान्यात ताईनं विचारलं.

“काही नाही बोलल्या. माझ्या हातून चूक झाली, ताई.”

ताई म्हणाली, “आईनं शिकवलंच होतं, परक्यांशी बोलायचं नाही म्हणून.”

“मी परकी?”

“वेडाबाई! त्यांना काय ठाऊक तू कोण ते.”

दोघी हसल्या. ताईला खोकला आला. तेवढ्यात नर्स सलाईनची सुई घेऊन आली.

“हात धर गं,” ताई म्हणाली. “अजून भीती वाटते मला.”

काचबाईनं दोन्ही हातांत तो हात घेतला. नर्सला शीर काही केल्या सापडत नव्हती.