बाबांच्या इंजिनाची माळ

आमचे बाबा रेल्वेच्या कारखान्यात इंजिन चालवायचे. गावोगाव वगैरे नाही हं. आवारातल्या आवारात डबे इकडून तिकडे ढकलायचे. पण सांगायला बसले की त्या इंजिनाचा डोंगर व्हायचा. मीही त्यांचाच मुलगा. सिल्व्हर पार्कातल्या आमच्या सोसायटीत मी तो डोंगर आणखी थोडा उंच केलाय.

दर खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, आई त्या इंजिनासाठी झेंडूची माळ ओवून द्यायची. संध्याकाळी घरी आल्यावर बाबा म्हणायचे, "जरा आखूडच पडली गं." की पुढच्या वर्षी माळ आणखी लांब. आम्हाला मात्र त्यांनी कधी तिथे नेलं नाही. म्हणे, "बायकापोरांचं तिथे काय काम?"

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा शेजाऱ्यांनी रेल्वेच्या संग्रहालयातून एक फोटो पाठवला, नुसत्या नंबरपट्टीचा. बाबांच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालेला, त्यांच्याच इंजिनाचा नंबर! आई म्हणाली, "यंदा माळ मी माझ्या हाताने घालणार." झालं. भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून मी पिशव्या भरभरून झेंडू आणला, आईने ओवला, आणि खंडेनवमीला माळेचं ते गाठोडं मांडीवर घेऊन आम्ही टॅक्सीत.

गेटवरच्या रखवालदाराला मी फोटो दाखवला, "हमारे पिताजी का इंजिन है" असं छाती काढून सांगितलं, आणि तडक सगळ्यात मोठ्या इंजिनासमोर जाऊन हात जोडले. डोळेसुद्धा मिटले. मागून तो म्हणाला, "साब, आपका वाला उधर है. माला डालो, लेकिन फोटो निकालके उतार लेना."

उधर म्हणजे झाडाखाली. बघतो तर काय, इवलंसं इंजिन! आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी याच्याहून मोठी असेल.

आईने माळ घातली. एक वेढा झाला, दुसरा झाला, तरी उरलेली जमिनीवर लोळतेय. बोटं दुखेपर्यंत तिने माळा ओवल्या, त्या ह्याच्यासाठी? आता या वयात बाबा तिच्या मनातून उतरले तर? घाबरून मी लागलो थापा मारायला. "आई, हे नसेल गं. बाबांचं चांगलं मोठं होतं. नंबरपट्टीच चुकीची लावली असेल यांनी."

"गप रे." आई पदराने नंबरपट्टी पुसत होती. "हेच आहे. लग्न झालं त्याच वर्षी तेव्हाच्या शेजारच्या वहिनींनी, त्यांचे यजमानही तिथेच कामाला, सांगितलं होतं मला, इंजिन एवढंसं आहे म्हणून."

"मग माळ कशाला वाढवत गेलीस?"

"आखूड पडली म्हणताना किती खूश दिसायचे ते."

मला रडूच फुटलं, तेही चारचौघांत. आई पट्टी पुसतच राहिली.

"रडतोस काय? तुझ्या ऑफिसातल्या गोष्टी नाही का मी रोज ऐकून घेत?"