कमी पडलेले दोन किलो

माझी आई पडदे शिवते. घरांचे, हॉटेलांचे, एकदा तर एका नाट्यगृहाचा. ज्या दुकानासाठी ती शिवते तिथे सगळे तिला टाचणी म्हणतात आणि तिला त्याचा रागही येत नाही, कारण आरशात तिला तेच दिसतं. खाल्लेलं तिच्या अंगाला लागतच नाही. गेलं वर्षभर तिनं अंडी खाल्ली, केळी खाल्ली, नाक मुरडत साय खाल्ली. तिला सोबत म्हणून बाबांनीही खाल्लं. तिचं वजन जागच्या जागी राहिलं, बाबांच्या पँटी मात्र तिला दोनदा उसवून सैल कराव्या लागल्या.

हा सगळा खटाटोप रक्त देण्यासाठी. रक्तपेढीत पंचेचाळीस किलोच्या आतल्या माणसाचं रक्त घेत नाहीत आणि आईचा काटा त्रेचाळीसवर अडतो. त्यात तिची साठी जवळ आली होती. साठीनंतर पहिल्यांदाच येणाऱ्याला परत पाठवतात, असं तिथल्या सिस्टरनं सांगितल्यापासून आईनं हाय खाल्ली होती.

माझ्या जन्माच्या वेळी ती जवळजवळ गेलीच होती. कुणाकुणाच्या रक्तावर वाचली. ते कोण, हे तिला कुणी सांगितलं नाही, तसं सांगतही नाहीत. पण आयुष्यात एकदा तरी ते परत द्यायचं, हे तिनं तेव्हाच मनाशी धरलं. माझी आई एखादी गोष्ट मनाशी धरते तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी वाटेतून बाजूला व्हावं हे बरं.

मला अठरा पूर्ण झाली तशी तिनं मला धरून रक्तपेढीत नेलं. पहिल्या वेळी उठताना मला भोवळ आली आणि मी सिस्टरच्या अंगावर पडले. पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही, असं मी घरी येऊन जाहीर केलं. चार महिन्यांनी आई पुन्हा घेऊन गेली. आता मी आपणहून जाते. का, म्हणाल तर मोठं काही कारण नाही. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, म्हणजे दिवसभर ओरडते. रक्त देऊन आले की त्या दिवशी माझा आवाज चढत नाही, कुणावर राग धरावासा वाटत नाही. शिकणारे मला विचारतात, मॅडम, आता पुन्हा रक्त कधी देणार?

आत नातेवाइकांना सोडत नाहीत. त्यामुळे इतकी वर्षं मी आत आणि आई बाहेरच्या बाकावर, समोर धुरकट काचेचं दार. मी बाहेर आले की ती विचारायची, "झालं ना नीट?" मी म्हणायचे, झालं. मग ती माझ्या दंडावरच्या पट्टीकडे असं बघायची की मला उगाचच अपराधी वाटायचं.

साठीच्या आधीची ही शेवटची खेप होती. आईनं त्या दिवशी नवा शिवलेला, घोट्यापर्यंत येणारा झगा घातला. चालताना त्याचा घोळ जरासुद्धा हलत नव्हता. ते माझ्या डोळ्यांना दिसलं पण डोक्यात शिरलं नाही. ती काट्यावर चढली. सिस्टर काट्याकडे बघत होती, आई छताकडे. काटा पंचेचाळीसच्या पुढे गेला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. सायीला अखेर यश आलं असं मला वाटलं.

बोटाची तपासणी झाली, रक्तदाबही ठीक निघाला. आम्हा दोघींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. माझी पिशवी भरू लागली. सिस्टर आईकडे वळली. झग्याचा घेर खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता, अगदी सरळ. सिस्टरचा गुडघा त्याला लागला आणि घेर खाटेच्या लोखंडी पायावर ठक्कन आपटला.

सिस्टरनं खालची दुमड चाचपली. "काकू, हे काय आहे?"

"शिसं," आई म्हणाली. "पडद्याच्या कडेला चकत्या शिवतो आम्ही. पडदा सरळ पडतो, वाऱ्यानं उडत नाही."

"पडद्याचं ठीक आहे. झग्याला कशाला?"

"तोही उडतो."

माझ्या हातात सुई टोचलेली होती म्हणून, नाहीतर मी उठून पळाले असते. आणि चोर तर चोर वर शिरजोर, आईनं उलट सिस्टरलाच विचारलं, "दोन किलोंनी असं काय बिघडतं हो?"

सिस्टर बोलकी, ऐसपैस बाई. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. "काकू, पिशवी सगळ्यांना सारखीच असते. पैलवानाकडून घेते तेवढंच तुमच्याकडून घेणार. त्याला कळायचंही नाही आणि तुम्ही जिन्यात कोसळाल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग अर्धीच घ्या. फूल ना फुलाची पाकळी."

"अर्धी नाही चालत. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत औषध असतं, ते भरलेल्या पिशवीच्या मापानं घातलेलं. अर्धं घेतलं तर मला फेकून द्यावं लागेल."

मापाचं म्हटल्यावर आईला ते पटलं. तिनं वर सारलेली बाही खाली ओढली आणि बटण लावलं. "म्हणजे माझं राहिलंच," ती म्हणाली.

क्षणापूर्वी मला तिचा भयंकर राग आला होता. ते ऐकून तो उरला नाही. सिस्टरनं तिला बाहेर घालवलं नाही. स्वतःचं स्टूल माझ्या खाटेजवळ सरकवून म्हणाली, "आत आलाच आहात तर बसा लेकीपाशी."

आई बसली आणि पिशवी भरताना पाहत राहिली. ती भरली, सिस्टरनं सुई काढली, नळी बंद केली.

"हात लावू का जरा?" आईनं विचारलं.

सिस्टरनं पिशवी तिच्या दोन्ही तळव्यांवर ठेवली. आई दचकली.

"गरम आहे ही."

"असणारच. आत्ता तर अंगातून निघालंय."

"मला चढवलं ते गार होतं," आई म्हणाली. "गारठ्यानं हात आखडला होता माझा, दात वाजत होते. मी आपली इतकी वर्षं समजत होते, की कपाटातून काढलेलं काहीतरी दिलं मला." तिनं पिशवी जरा जवळ घेतली. "कुणाच्या तरी अंगातलं असं गरम होतं होय ते."

सिस्टरनं पिशवीसाठी हात पुढे केला. आईनं ती दिली नाही.

"एवढ्यात फ्रीजमध्ये नका ना घालू," ती म्हणाली.

बाहेर माणसं खोळंबली होती, तरी सिस्टर थांबली.