सहावा मणका

देवावर मी रागावलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. ते लपवलं तर पुढचं खोटं वाटेल. पाचवीतनं शाळा सुटली, मामाच्या हाताखाली थापी धरली, आणि जतकडच्या आमच्या गावातनं बाहेर पडलो तो देवळांची शिखरं बांधत फिरतच राहिलो. बाभुळगावजवळच्या एका खेड्यात मारुतीच्या शिखराचं काम चाललं होतं, तिथं कमरेनं दगा दिला. दुखत तशी चार वर्षं होती. गोळी घ्यायची, पट्टा आवळायचा आणि परांचीवर चढायचं. त्या दिवशी डावा पायच बधिर झाला. चौघांनी धरून खाली उतरवलं, तेव्हा मी गाभाऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तुझ्या डोक्यावर मी सावली धरतोय आणि तू माझा पाय घेतलास, एवढंच मनात आलं.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली गादी झिजलीय, नस दबलीय. दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून एकमेकांना जोडावे लागतील. नाही जोडले तर पाय कायमचा जाईल. मी हो म्हटलं. आमच्या गावात आई अंथरुणाला खिळलेली. धाकटी बहीण तिचं सगळं करायची. आईचीही कंबर जन्मभर दुखली. तिच्या कमरेचा एक्स-रे कधी कुणी काढला नाही, वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि शेकत बसायची. फोनवर रोज विचारायची, “कधी येतुयास?” मी सांगायचो, “शिखर झालं की निघतो.” खोटं बोलत होतो; खरं फक्त बहिणीला सांगितलं होतं. एकदा पायांवर चालत तिच्यापुढं जाऊन उभं राहायचं, मग काहीही होवो, एवढं एकच मागणं उरलं होतं. आणि ज्याच्याकडं मागायचं त्याच्याशी मी बोलत नव्हतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी पुन्हा एक्स-रे काढायला नेलं. तिथं हमीदभाई म्हणून उतारवयाचे गृहस्थ होते, मशीन तेच चालवायचे. फोटो झाल्यावर मला निजवलेली चाकांची गाडी उघड्या दारापाशीच थांबली होती आणि समोर पडद्यावर माझीच कंबर दिसत होती, पांढुरकी. डॉक्टरांनी आधी कागदावर काढून दाखवलं होतं, बरगडी संपली की खाली कमरेचे पाच मणके, त्यातला चौथा-पाचवा जोडायचा. आपले ते दोन कुठले ते तरी बघावं म्हणून मी मोजायला लागलो. आमच्या कामात थर जोत्यापासनं वर मोजतात. वरनं मोजायला वर अजून काही बांधलेलंच नसतं. तसा मी बोट हवेत धरून खालनं वर, शेवटच्या बरगडीपर्यंत गेलो. पुन्हा गेलो.

“काय मोजून राह्यले, मिस्त्री?” हमीदभाईंनी विचारलं.

“थर मोजतोय. सहा भरत्यात.”

“माणसाले पाचच असतात. तुमी काय मोठे साहेब आहा का, तुमाले एक एक्स्ट्रा देल्ला?”

मी हसलो, तेही हसले. मग चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. त्यांचं हसू तसंच राहिलं, पण आवाज बदलला. “थांबा जरा. हालू नोका.” त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. दोघं हळू आवाजात बोलत होते, आणि मला वाटलं, संपलं आपलं. मग मला परत टेबलावर घेतलं आणि मानेपासून खालपर्यंत सबंध पाठीचा फोटो काढला.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. लाखात एकाला नव्हे, बऱ्याच जणांना असा एखादा मणका जास्त असतो, त्यानं काही बिघडत नाही. पण माझ्या रिपोर्टात मोजणी वरनं केली होती आणि ऑपरेशनच्या वेळी मशीनखाली ती खालनं होणार होती. आकडा तोच, पण जोडला गेला असता भलताच मणका. “ऑपरेशनच्या आधी आम्ही पुन्हा तपासतोच, तिथंही लक्षात आलं असतं,” असंही ते म्हणाले. आलं असतं. मी त्यावर वाद घालत नाही. फक्त त्या दुपारी दार उघडं का होतं, गाडी तिथंच का थांबली, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत नेताना हमीदभाई फिरत्या एक्स-रे मशीनजवळ उभे होते, अंगात किरणं अडवणारा शिशाचा जड झगा. मी घाबरून म्हटलं, “चुकणार नाही ना?” ते म्हणाले, “तुमी अल्लाचं, मारुतीचं, ज्याचं घ्याचं त्याचं नाव घ्या अन् झोपा. मोजाले आमी आहो न.” मी डोळे मिटले. पाय मागायचे होते, पण तोंडातनं निघालं ते एवढंच, मारुतीराया, आता तू बघ. राग कुठं गेला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला उभं केलं. कमरेला पट्टा, दोन्ही हातांखाली आधार, पण डाव्या पायाला फरशी गार लागली. मी लहान पोरासारखा रडलो. बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं फोन आईच्या तोंडापुढं धरला. मला वाटत होतं आईला काही ठाऊक नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “उभा ऱ्हायलास न्हवं? मग झालं तर. आता टेक खाली, दमशील.” बहिणीनं तिला सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्यानंतर सहाव्या दिवशी आई गेली. इतका लांबचा प्रवास डॉक्टरांनी करू दिला नाही. तिला खांदा दुसऱ्यांनी दिला. मी खाटेवर कुशीवर पडून फोनमध्ये बघत होतो, आणि मध्येच रेंज गेली.

मला पाय मिळाले, पण ज्या दारात चालत जायचं होतं तिथं आता कुणी वाट बघत नाही. परांचीवर चढायला बंदी आहे, ते शिखर मामाच्या मुलानं पुरं केलं. कंबर अजून थोडी दुखते. तरी मी देवाला विचारत नाही की हे दिलंस आणि ते का नेलंस. आठवडाभर उशीर झाला असता तर आईनं मला उभं बघितलंच नसतं. ती बघून गेली. गावाकडं पोचलो तेव्हा तिची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मी तिच्यापुढं हात जोडून पुष्कळ वेळ उभा राहिलो, आणि मग, आईनं सांगितलं होतं म्हणून, खाली टेकलो.