देवीच्या अंघोळीचं पाणी

त्या दिवसानंतर तीन आठवडे मी देवापुढे दिवा लावला नाही. सुतक नव्हतं, घरात आजारपण नव्हतं. हात काडेपेटीपर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. चाळीस वर्षांत देवीचा एक मंगळवार न चुकवणारी बाई मी, आणि मलाच देव्हाऱ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. देवावर राग नव्हता. आजवर जी केली ती भक्ती होती की नुसतं मिरवणं, ही शंका मला खात होती.

आम्ही खांदा कॉलनीत राहतो, आणि वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ सुलभा. दिरांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं माहेरच्या देवीला नवस बोलला होता. हे बरे होऊन घरी आले तर घरचं पाणी आणून तुला अंघोळ घालीन, आपटा गावापासून अनवाणी येईन, आणि घराचा उंबरा ओलांडल्यापासून तुझ्या पायाशी पोहोचेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. दीर बरे झाले. नवस फेडायला वैशाखातला मंगळवार ठरला. ती मौनात, म्हणजे सोबत बोलणारं माणूस हवं, आणि त्या कामाला आमच्या घरात माझ्याइतकं लायक कोणी नाही.

आदल्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता. दुपारी बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी पीत राहा. माझा मुलगा म्हणाला, पहाटे निघा नाहीतर पुढे ढकला. देवीच्या कामाला ऊन लागत नाही, असं म्हणून मी त्याला उडवून लावलं. निघायचं सकाळी सातला ठरलं होतं, पण पुरणपोळीचा नैवेद्य सोवळ्यात मीच करणार हा माझा हट्ट. पोळ्या होईपर्यंत अकरा वाजले. सुलभानं पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. खरं तर नवसात ते नव्हतंच. नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालू नये, हे मीच तिला थोरलेपणानं बजावलं होतं.

आपट्याला रिक्षा सोडली तेव्हा बारा वाजून गेले होते. तिथून देवळापर्यंत पाताळगंगा नदीच्या कडेनं पाऊण तासाची वाट. नैवेद्याचा डबा माझ्या खांद्याच्या पिशवीत, पाण्याची तांब्याची कळशी सुलभाच्या कमरेवर. देवीच्या अंघोळीचं पाणी वाटेत जमिनीला टेकवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मी मोठ्यानं देवीची स्तोत्रं म्हणत पुढे चालले होते. वाटेवर चिटपाखरू नव्हतं आणि याचा मला अभिमानच वाटत होता, की एवढ्या उन्हात फक्त आम्ही दोघी निघालोय.

अर्ध्या वाटेवर सुलभा मागे पडू लागली. एकदा ती काहीतरी पुटपुटली. मी वळून ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, नवस मोडू नकोस, आता थोडंच राहिलंय. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण ती नजर ओळखीची नव्हती. मला वाटलं, हिची समाधी लागली.

पुढे वीटभट्टी लागते. तिथं ती झुलली. तिचा तोल गेला, मी धावले, आणि मी आधी कळशी पकडली. सुलभा माझ्या पायाशी तापल्या मातीत कोसळली आणि मी दोन्ही हातांत कळशी घेऊन नुसती उभी राहिले. खाली ठेवायची नाही ना.

भट्टीच्या खोपीतून एक कातकरी बाई पळत आली. चाळिशीची असेल, हातांना विटांची माती. तिनं सुलभाच्या मानेला, काखेत हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हिला घाम नाय. आंग भट्टीसारखा झालाय. कवाधरनं अशी हाय?"

मी म्हटलं, तिचं मौन आहे. त्या बाईनं कळशी मागितली. माझ्या तोंडून निघालं, "हे देवीचं आहे."

"देवी थांबल," ती म्हणाली. "ही नाय थांबायची."

तिनं कळशी माझ्या हातातून काढून घेतली. तोवर खोपींतून आणखी चार-पाच बायका-माणसं आली होती. त्यांनी सुलभाला उचलून शेडच्या सावलीत नेलं, लुगडं सैल केलं, देवीचं पाणी तिच्या मानेवर, काखेत, जांघेत ओतलं. मला सुचलं तेवढंच, मी तीर्थासारखं पाणी तिच्या तोंडात घालायला गेले. त्या बाईनं माझा हात धरला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, श्वासात जातं, असं तिनं सांगितलं. कोणी गोणपाटं भिजवली, कोणी सुपानं वारा घालू लागलं. मी रुग्णवाहिकेला फोन लावला.

कळशी केव्हाच रिकामी झाली होती. मग त्यांनी कोपऱ्यातल्या, त्यांच्या प्यायच्या पाण्याच्या पिंपाचं झाकण काढलं आणि तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. त्या बाईचं नाव सोनी. पाणी ओतता ओतता ती सांगत होती, "गेल्या साली माजा भाव असाच गेला. घाम बंद झाला, आनि आमी बगत बसलो. मंग दवाखान्यातल्या बाईनं आमाला समद्यांना शिकवलं." रुग्णवाहिका आली तेव्हा पिंपाचा तळ दिसत होता. पाण्याचा टँकर पुन्हा कधी येतो, असं मी विचारलं. उद्या सकाळी, ती म्हणाली, आणि गोणपाट पिळू लागली.

डॉक्टर म्हणाले, त्या लोकांनी जागेवर अंग थंड केलं नसतं तर हाती काही लागलं नसतं. तिसऱ्या दिवशी सुलभा बोलली. नवस मोडला म्हणून ती रडली, आणि मी तिच्याहून जास्त रडले.

सोनी त्याच वेळी खोपीबाहेर कशी आली, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. एवढंच कळलं, की मी देवीला आजवर सगळं वाहिलं, फक्त माझा हट्ट तेवढा माझ्याजवळ ठेवला होता. त्या दिवशी तो कुणीतरी हातातून काढून घेतला. तिचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही पुन्हा निघालो. पहाटे, पायांत चपला घालून, वाटेत पाणी पीत, आणि भट्टीसाठी पाण्याचे मोठे कॅन भरलेली रिक्षा थेट तिथवर घेऊन. कळशी या वेळी माझ्याकडे होती. सोनी विटा रचत होती. मी कळशी तिच्यासमोर जमिनीवर टेकवली, तांब्या भरला आणि पुढे केला.

तिनं हात पुसले, पण तांब्या घेतला नाही. "ह्या देवीचा पानी ना, बाई?"

"हो," मी म्हटलं. "पी."

ती घटाघटा प्यायली. त्या संध्याकाळी मी दिवा लावला.