इंग्लिश एक, इंग्लिश दोन

गेल्या महिन्यात आमच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी टूम काढली. सत्तरच्या दशकातलं एकच साल निवडायचं आणि त्या सालातले आपले आवडते प्रोग्रेसिव्ह रॉकचे अल्बम सांगायचे. ग्रुप जुन्या रॉक संगीताच्या शौकिनांचा. बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईची आणि नाकाने कांदे सोलण्यात पटाईत. सोलापूरचा मी एकटाच. ‘सोलापूरला हे संगीत पोचलं तरी कसं?’ असं मला आजवर तिघांनी विचारलंय, आणि तिन्ही वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय. रेल्वेने पोचलं, असं मी सांगतो.

माझं साल त्र्याहत्तर. त्र्याहत्तर म्हटलं की आमच्याकडे लोकांना दुष्काळ आठवतो, रेशनवरचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, आठवतो. मी तेव्हा शाळेत होतो आणि त्याच मिलोच्या भाकरी खात होतो. पण मला त्या सालावरून पाच तबकड्या आठवतात. त्या माझ्या हातात आल्या पाच-सहा वर्षांनी, कॉलेजात असताना. वर्गातल्या मित्राचे मामा जहाजावर इंजिनिअर होते. त्र्याहत्तर साली त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी इंग्लंडच्या एका बंदरात महिनोन्‌महिने अडकून पडलं. मामांना उद्योग नव्हता आणि समोर रेकॉर्डचं दुकान होतं. तिथे जे नवं आलं ते त्यांनी घेतलं. म्हणून पाचही एकाच सालातल्या. निवड वगैरे कुणी केली नव्हती, जहाजाचं इंजिन बिघडलं होतं एवढंच.

त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. नावं लिहिली की लगेच अमकं का नाही, तमकं का नाही म्हणून भांडणं सुरू होतात, आणि मला यात भांडायचंय ते वेगळ्याच माणसाशी. मित्र आणि मी त्या तबकड्या कव्हरवरच्या चित्रांवरून ओळखायचो. बेटवाली, घोडेवाली, बासरीवाली, जिन्याची आणि कोरी. ज्यांना हे संगीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, गिटार आणि ड्रम वाजवणाऱ्या पोरांनी त्यात ऑर्गन आणला, बासरी आणली, सात नि अकरा मात्रांचे ताल आणले आणि तीन मिनिटांचं गाणं वीस मिनिटांवर नेलं. निदान लोक तसं म्हणतात. मी आयुष्यभर म्हणत आलो की लोकांनी ते नीट ऐकलेलंच नाही.

मित्राच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता, पण त्यावर वडिलांच्या भजनांशिवाय काही लावायची सोय नव्हती. मामा पुन्हा बोटीवर जाईपर्यंत चार दिवस तबकड्या मला मिळाल्या. मी त्या पिशवीत घालून शुक्रवार पेठेतल्या एका रेकॉर्डिंगच्या दुकानात नेल्या. तेव्हा कोरी कॅसेट नेऊन दिली की दुकानदार हवी ती गाणी भरून द्यायचा. हा दुकानदार माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, कानाला कायम बॉलपेन खोचलेलं. मी त्याला साठ मिनिटांच्या दोन कॅसेटी दिल्या आणि म्हणालो, दोन्हीत पाचही बसवा. बसवतो की, तो म्हणाला. तिसरी कॅसेट घेण्याची माझी ऐपत नव्हती, आणि पाच तबकड्या मिळून किती मिनिटं होतात याचा हिशोब मला सुचला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कॅसेटी दिल्या. त्यांवर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘इंग्लिश १’ आणि ‘इंग्लिश २’.

त्या दोन कॅसेटींवर मी पंचवीस वर्षं काढली. सरकारी कचेरीत कारकुनी केली, लग्न केलं, मुलगी वाढवली आणि रोज संध्याकाळी इंग्लिश एक नाहीतर इंग्लिश दोन ऐकलं. पुढे टेपरेकॉर्डर मोडला, पण तोवर सगळं पाठ झालं होतं. मला विशेष आवडायचं ते ‘टक्’. कडवं संपलं की बारीकसा टक् असा आवाज यायचा आणि दुसऱ्या क्षणी गायक वेगळ्याच सुरात पुढचं कडवं सुरू करायचा. मधे काही नाही. मी त्यावर एक सिद्धान्तच बांधला होता. या लोकांनी दोन कडव्यांमधला सगळा पसारा फेकून दिलाय, लाकडी काठीचा एक ठोका देतात आणि थेट उडी मारतात. लोक या संगीताला पाल्हाळीक म्हणायचे तेव्हा मी हसायचो. कचेरीत चहाच्या वेळी ज्याला त्याला मी या संगीतातली काटकसर समजावून सांगितलीय. ऐकणारे बिचारे मान डोलावून फायलींकडे वळायचे.

बाकी आवाज मला सहन होत नसत. आमच्या चौकातलं गणपती मंडळ तेव्हा हलता देखावा करायचं. खांब दुभंगतो, नरसिंह बाहेर येतो, हिरण्यकश्यपूला मांडीवर घेतो, पडदा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. त्याच मूर्ती दर वर्षी नवा रंग देऊन काढायचे, आणि त्याबरोबर भोंग्यावर तेच घुमणारं, धडाडणारं काहीतरी लागायचं. मी खिडक्या लावून घ्यायचो, कानात कापूस घालायचो. देखाव्याच्या नवव्या वर्षी मी पोलिसांत अर्ज दिला. कारकुनाचाच हात, अर्ज मुद्देसूद होता. पुढच्या वर्षापासून तो देखावा बंद झाला आणि मंडळाने साधी आरास केली. त्या अर्जाचा मला फार वर्षं अभिमान होता.

तर ग्रुपवर ही टूम निघाली आणि मी ठरवलं, या वेळी शिष्टांना सोलापूर दाखवायचं. मुलगी पुण्यात असते. तिने वाढदिवसाला स्पीकर दिला होता, तो पडून होता. तिला फोनवर विचारून विचारून मी घोडेवाली लावली. लिहिण्याआधी एकदा ऐकावी म्हटलं. पहिलं कडवं संपलं. मी टक्‌ची वाट बघितली. टक् आलंच नाही. त्याऐवजी ऑर्गन सुरू झाला आणि तो काही केल्या थांबेना. सहा मिनिटं ऑर्गन, मग ड्रम, मग पुन्हा ऑर्गन. मी बेटवाली लावली. तिथेही तेच. दुसरं कडवं यायला इतका वेळ लागला की मला वाटलं स्पीकर बिघडला.

मग मी चिडलो. ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. कंपन्या जुन्या अल्बमांमध्ये नवं संगीत मिसळून विकतायत, ही दुधात पाणी घालण्याची जात आहे, मूळ रचनेतलं ‘टक्’ यांनी काढून टाकलंय, ज्यांनी त्र्याहत्तरचं संगीत खरोखर ऐकलंय त्यांनी तरी आवाज उठवावा, वगैरे. मग एका तरुण मुलाने अगदी अदबीने लिहिलं, काका, ते संगीत त्र्याहत्तरपासून तिथेच आहे. तुमचं टक् म्हणजे टेपरेकॉर्डरचं पॉझचं बटण असेल. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आणि ज्या तिघांनी मला सोलापूरला कसं पोचलं म्हणून विचारलं होतं, त्यांच्यातल्याच एकाने लिहिलं, ‘आता कळलं कसं पोचलं. अर्धंच पोचलं.’

मी मोबाईल पालथा ठेवला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला फक्त राग आला. त्या मुलाचा नाही, हसणाऱ्यांचाही फारसा नाही. तो कानाला बॉलपेन लावलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याने माझ्या संगीताचा गळा कापला होता आणि मी चाळीस वर्षं त्या कापलेल्या जागेचं कौतुक करत गावभर फिरलो होतो. सासरा होऊन बसलो तरी मला माझ्या आवडीची वस्तू पुरती माहीत नव्हती. याचा जाब मला त्याच्याकडून हवा होता, आणि त्याने तोंडाने चुकलो म्हणायला हवं होतं.

जाब विचारायचा तर पुरावा हवा, म्हणून मी पाचही अल्बम पुन्हा लावले आणि जिथे जिथे कापलंय त्या जागा वहीत उतरवायला बसलो. घोडेवालीतला ऑर्गन चढत होता तेव्हा बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली.

“अहो, हा तर आपला नरसिंह,” ती म्हणाली.

मी तिच्यावर खेकसलो. पन्नास वर्षांपूर्वीचं इंग्लंडचं संगीत आहे हे, तुझा कसला नरसिंह, असं काहीसं बोललो. ती दारातच उभी राहून ऐकत होती. नवी नवरी म्हणून या चौकात आली तेव्हापासून ती तो देखावा बघायची, नंतर मुलीला कडेवर घेऊन. मला ते कधी आवडलं नाही.

“आता खांब फुटेल,” ती म्हणाली.

ऑर्गन एका सुरावर येऊन थांबला आणि ड्रम नि झांजा एकदम कोसळल्या.

“फुटला,” ती म्हणाली आणि आत पोळ्या लाटायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी शुक्रवार पेठेत गेलो. जागा तीच होती. तिथे आता त्याचा मुलगा मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतो, आणि तो स्वतः आतल्या खुर्चीवर बसून असतो. केस गेलेत, बॉलपेनही गेलंय. त्याने मला ओळखलं नाही. मी खिशातून इंग्लिश एक काढून त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा वर करून अक्षर बघितलं आणि माझंच हाय की हे, म्हणाला. त्याला आनंद झालेला बघून मी आणखी भडकलो. रस्त्याने पाठ करत आलेलं सगळं मी त्याला ऐकवलं. तुम्ही मला फसवलंत, माझ्या चाळीस वर्षांचा चुथडा केलात, इथपर्यंत गेलो. काउंटरवरचं गिऱ्हाईक कव्हर न घेताच निघून गेलं.

त्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

“फसिवलं कुटं मालक?” तो म्हणाला. “तुमीच म्हनला, दोनीत पाच बसवा. बसंना. मग मानूस गातोय तेवडं ठिवलं, नुसतं वाजवत्यात ते काडलं. गानं तर सगळं दिलं की तुमाला.”

मला विचारायचं तरी, असं मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला की मी कॅसेटी घेतल्या आणि मागे न बघता पळालो. ते खरं असणार. तबकड्या परत करायची घाई होती.

मग न विचारताच तो बोलत सुटला. गाणं कापताना प्रत्येक वेळी पॉझ दाबायला हात उचलायचा नाही. इतकं जोरकस वाजवलंय आणि आपण टाकून देतोय म्हणून त्याच्या जिवाला लागलं. म्हणून तबकड्या परत द्यायच्या आधी त्याने कापलेला सगळा भाग स्वतःच्या एका टेपवर घेतला. पुढच्या साली आमच्या चौकातलं मंडळ त्याच्याकडे नरसिंहासाठी म्युझिक मागायला आलं. त्याने ती टेप काढली, खांब फुटायची वेळ घड्याळ लावून जुळवली. लई गर्दी व्हायची, तो म्हणाला, मोहोळहून, मंद्रूपहून टेम्पो भरून लोक यायचे. तो स्वतः दहाही दिवस देखाव्याच्या मागे उभा राहून ऐकायचा. ते कुणी वाजवलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

मी विचारलं, ती टेप कुठे आहे. पुढे त्यावर कुणाच्या तरी लग्नाचं भरलं, तो म्हणाला.

“बंद कशाला केलंत मग?” मी विचारलं. विचारताना उत्तर मला माहीत होतं.

“कुनी तरी अर्ज दिला ना पोलिसात. लई कडक मराठीत. ‘अर्थहीन व कर्कश गोंगाट’ आसं लिवलं हुतं म्हनं. पोरं घाबरली, टेप आनून दिली माज्याकडं.”

अर्थहीन व कर्कश गोंगाट. मला ती ओळ कुठल्या परिच्छेदात होती तेही आठवत होतं. तिच्याखाली मी पट्टीने रेघ मारली होती. नऊ वर्षं माझं उरलेलं संगीत माझ्या दारात येऊन वाजत होतं, अख्खा चौक ते ऐकत होता, माझी बायको मुलीला घेऊन ऐकत होती, आणि मी कानात कापूस घालून आत टक् टक् ऐकत बसलो होतो. याचा राग कुणावर काढायचा ते मला कळेना, म्हणून मी त्याच्यावरच काढला.

“तो अर्ज मी दिला होता,” मी जवळजवळ ओरडलोच.

त्याने हातातल्या कॅसेटकडे बघितलं, ती उलटीपालटी केली आणि माझ्यापुढे काउंटरवर ठेवली.

“म्हंजी निम्मं मी कापलं,” तो म्हणाला, “आन् ऱ्हायलेलं तुमी.”

त्याने ते दुखवायला म्हटलं नव्हतं. त्याच्या मुलाने चहा सांगितला होता, तो येईपर्यंत मी थांबलो नाही. घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत बसली होती. मागितली का माफी, तिने विचारलं. नाही, मी म्हणालो. कुणी कुणाची, ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.