हरेल तो रांधेल

ज्या सामन्यातला शेवटचा खेळाडू मरूनही कित्येक वर्षं लोटली, त्या सामन्याचा निकाल फोडायला निघाला म्हणून तुम्ही कुणाला गाडीतून खाली उतरवाल का?

आम्ही उतरवलं होतं. शुक्रवारी सकाळी, पेट्रोल पंपावर, तेही आमच्याच लेफ्ट बॅकला. बूट-मोजे चढवून तो बिचारा हवेच्या नळाशेजारी उभा राहिला, आणि 'गप बसतो, आईशपथ गप बसतो' असं म्हणाल्यावरच कप्तानाने पुन्हा दार उघडलं.

पण आधी थोडं मागचं सांगायला हवं.

मी सोलापूरचा. आई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत, वडील गिरणी बंद पडल्यावरही गिरणी कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. मी वाचायला शिकलो तोच 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. कुवेतला आलो तो एका कंपनीत अकाउंटंट म्हणून. महबूलात खोली घेतली आणि जेवण लावलं इमारतीच्या तळमजल्यावरच्या मेसमध्ये. तिथले आचारी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पन्नाशी उलटलेली, पोट जरा पुढे आलेलं, पण हात असे की एका हातात चार वाट्या सहज मावाव्यात.

थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की या माणसाला आठवड्यात एकही दुपार मोकळी नसते. आमच्या घरी असं काही लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी पत्रक निघायचं. मीही काढलं. मोठ्या अक्षरांत लिहून मेसच्या भिंतीवर चिकटवलं: 'आपल्याला शुक्रवारची सुट्टी आहे. आपल्याला जेवू घालणाऱ्याला का नाही? एक दुपार आपण बेकरीतली खुबूस रोटी आणि दही खाऊ. मरणार नाही.' मेसच्या मालकाने ते फाडलं. मी पुन्हा लावलं. त्याने पुन्हा फाडलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा खाली दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर उमटलं होतं: 'सोबत लोणचं मिळेल का?' लोणच्यावर तडजोड झाली आणि चाचांना शुक्रवारची संध्याकाळपर्यंतची सुट्टी मिळाली, आणि पत्रक लिहिणारा म्हणून मला 'मास्तर' हे नाव.

मला वाटलं, आता ते झोपतील. ते गोलकीपर निघाले.

थंडीच्या महिन्यांत कोकण किनाऱ्यावरच्या गावांचे संघ इथे आपसांत फुटबॉल खेळतात. अम्गराच्या भंगाराच्या आवारांमागे एक वाळूचं मैदान आहे. एका बाजूला मोटारींच्या दारांचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सळ्यांच्या चळती. चेंडू दारांमध्ये अडकला की तो काढायला दोन माणसं चढतात आणि तेवढ्यात बाकीचे पाणी पिऊन घेतात. नियम असा की संघात फक्त गाववालेच हवेत. चाचांच्या गावचा एक माणूस त्या वर्षी सुट्टीवर गेला होता. त्यांच्या कप्तानाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फर्मावलं, "ज्याने आमचा गोलकीपर सोडवून आणला, तो गाववालाच. बूट केवढ्याचा लागतो?" बूट मिळाले. खेळ कुणी दिला नाही. मला बचावात उभं केलं होतं आणि सूचना एकच होती: कुणाच्या मध्ये येऊ नकोस.

या सामन्यांचा दुसरा नियम मैदानाबाहेरचा आहे. हरेल तो रांधेल. दोन्ही संघ येताना टोप, तांदूळ, मटण, गॅसची शेगडी सगळं घेऊन येतात. शिट्टी वाजली की हरलेले स्वयंपाकाला लागतात आणि जिंकलेले चटईवर पाय पसरून बसतात. बरोबरी झाली तर भात एकाचा, कालवण दुसऱ्याचं. आमचा संघ हरण्यात तरबेज होता, आणि आमच्याकडे महबूलातला सगळ्यात चांगला आचारी होता. त्यामुळे आमच्याशी सामना असला की समोरचे डबेसुद्धा आणायचे. काही जण उघड म्हणायचे की चाचा मुद्दाम गोल सोडतो, त्याला लोकांना खाऊ घालायला आवडतं.

चाचांना हे झोंबायचं. पुढच्या वर्षी सरावाचा सामना खेळून परतताना मिनीबसमध्ये ते माझ्याशेजारी बसले होते, हाताला कांद्याचा वास, गुडघ्याला पट्टी.

"मास्तर, यंदाचा हंगाम शेवटचा हाय माझा. पोरगा कमावता झालाय, बोलतो, आता बस, घरी ये. हंगाम संपला की मी कायमचा चाललो."

"चांगलंच आहे की."

"चांगलंच हाय. पण एकदा बसून खायचं हाय मला. त्यांनी रांधलेलं. कोणीतरी वाढतंय, मी खातोय, आणि सारखं उठायचं नाय. इतकी वर्षं कुवेतमध्ये झाली, दुसऱ्याच्या हातचं जिंकून खाल्लेलं नाय."

त्या हंगामात मग आमच्या संघाला एवढंच काम होतं. चाचा जाण्याआधी एक सामना जिंकायचा.

पहिला सामना आम्ही हरलो तेव्हा गाडीत कुणी बोलेना. महबूला ते अम्गरा अंतर बरंच, गप्प बसून ते संपत नाही. म्हणून मी एक गोष्ट काढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक इंग्लिश फुटबॉल क्लब. उत्तरेकडच्या कापड गिरण्यांच्या गावातला. त्याच्या एका हंगामाच्या जुन्या बातम्या मला इंटरनेटवर सापडल्या होत्या आणि मी त्या रोज ऑफिसातून आल्यावर वाचत होतो. क्लबचं नाव मुद्दाम सांगत नाही. तुम्हीही लगेच शोधाल. मी म्हटलं, "तेही पहिला सामना हरले होते."

"कोणाशी?" कप्तानाने गाडी चालवता चालवता आरशातून विचारलं.

झालं. त्या दिवसापासून दर शुक्रवारी जाताना एक सामना. आमचा हंगाम आणि त्यांचा हंगाम बरोबरीने चालू लागला. मी खरं तर ती गोष्ट वेगळ्याच हेतूने सांगत होतो. कामगारांनी शनिवारी दुपारी गिरण्या बंद ठेवायला लावल्या म्हणून तर तिथे शनिवारी दुपारी सामने सुरू झाले, हे मला सांगायचं होतं. सुट्टी कुणी दान म्हणून दिली नाही. खेळाडूंच्या पगारावर मर्यादा घातली होती, त्यांनी संघटना काढली तर त्यांनाच खेळातून हाकलायची धमकी मिळाली, हेही सांगायचं होतं. मी ते सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, हात हवेत नेऊन सांगितलं.

"ता बरोबर हाय," चाचा म्हणाले. "त्यांनी संघटना काढलीच पायजे होती. पण गोल कोणी मारला?"

गाडीतले सगळे त्या क्लबचे झाले होते. मध्येच कुणीतरी शुक्रवारची वाट न पाहता मेसमध्ये मला गाठायचा: "काय रे, तो सेंटर फॉरवर्ड बरा झाला का? लंगडत होता ना?" मी म्हणायचो, तो शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लंगडत होता. "ता मला माहीत हाय. पण बरा झाला का?"

चाचांचा जीव मात्र त्यांच्या गोलकीपरवर जडला. त्या काळी गोलकीपरला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताने धरता यायचा. घेऊन पळता येत नसे, पण आपटत पुढे न्यायला मोकळीक होती. तो गडी तसा चेंडू आपटत थेट मैदानाच्या मध्यापर्यंत जायचा. मी हे सांगितलं त्या दिवशी चाचा खिडकीबाहेर बघत राहिले आणि दोनदा म्हणाले, "मध्यापर्यंत?"

त्या दिवशी सामना होता खाडीपलीकडच्या गावाशी. ही दोन्ही गावं तिकडे एकाच खाडीच्या दोन काठांवर आहेत आणि एकमेकांना कुठल्याच बाबतीत सोडत नाहीत. बरोबरी चालू होती. त्यांचा एक लांब फटका आमच्या बाजूला आला, मध्ये कुणी नाही. चाचा गोल सोडून निघाले. मला वाटलं पायाने मारतील. त्यांनी पेनल्टीच्या रेषेबाहेर चेंडू दोन्ही हातांनी झेलला आणि धप्प, धप्प, वाळूत आपटत पुढे चालू लागले. वाळूवर चेंडू उसळत नाही, म्हणून दर वेळी खाली वाकून उचलत होते. मी आयुष्यात इतका आनंदी चेहरा पाहिलेला नाही.

रेफ्री शिट्टी वाजवायचंसुद्धा विसरला. मग धावत आला.

"चाचा, ये क्या है? बाहर हाथ नहीं लगाते!"

"चलता है!"

"कहाँ चलता है?"

"इंग्लंड में!"

"कब?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "पहले," ते म्हणाले.

फ्री किकवर गोल झाला आणि आम्ही हरलो. कप्तान हसून हसून गोलच्या खांबाला टेकला होता. चाचांनी मटण रांधलं आणि खाडीपलीकडच्यांनी ते चाटूनपुसून खाल्लं. खाता खाता त्यांच्यातल्या एकाने विचारलं, हे 'पहले' काय प्रकरण आहे. आमच्या लोकांनी गोष्ट सांगितली. त्यांनी मला चटईच्या मध्ये बसवलं आणि सुरुवातीपासून पुन्हा सांगायला लावली. पुढच्या आठवड्यापासून तेही आपल्या कप्तानाकडून आमच्या कप्तानाला फोन करवून विचारू लागले, त्या क्लबचं काय झालं.

आमचा शेवटचा सामना पुन्हा खाडीपलीकडच्यांशीच आला. तोवर दोन बरोबऱ्या सोडल्या तर आम्ही दर शुक्रवारी रांधलंच होतं. त्या इंग्लिश क्लबचाही शेवटचा सामना बाकी होता. जिंकले तर वरच्या गटात टिकणार, हरले तर खाली जाणार. मी ठरवलं होतं, तो जाताना सांगायचा नाही, जेवताना सांगायचा. आणि त्याच सकाळी मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या आमच्या लेफ्ट बॅकने गाडीत फोनवर शोधाशोध केली.

"अरे, हे तर..." एवढंच तो म्हणाला.

"थांबव गाडी!" चाचा ओरडले.

पेट्रोल पंपाची हकिगत ती. पंपावर मी पाण्याची बाटली द्यायला म्हणून खाली उतरलो तेव्हा तो माझ्या कानाशी लागला. "मास्तर, ते हरलेत रे. खाली गेलेत. तू जिंकले म्हणून सांग. चाचा चाललाय. कोण बघायला जातंय?"

मी नाही म्हटलं. आमच्या घरात पत्रकात राग वाटेल तेवढा वाढवायला परवानगी होती. घडलेली गोष्ट बदलायला नव्हती. तो म्हणाला, "लय कडक आहेस तू."

त्या दिवशी वारा सुटला होता आणि वाळू डोळ्यांत जात होती. सामन्याचं वर्णन करण्यासारखं फारसं काही नाही. बराच वेळ कुणालाच चेंडू नीट दिसत नव्हता. चाचांनी एकदा पोटाने, एकदा तोंडाने गोल अडवला. मग आमच्या कप्तानाने कोपऱ्यावरून चेंडू मारला, तो वाऱ्याने वळला, त्यांच्या बचावातल्या एकाने तो बाहेर काढायला म्हणून पाय घातला आणि स्वतःच्याच जाळ्यात घातला. आम्हाला कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा चाचा आपला गोल सोडून पलीकडच्या टोकापर्यंत धावले, आणि कप्तान त्यांच्या मागे, "परत जा, परत जा, सामना संपलेला नाय!" असं ओरडत.

पण तो तसाच संपला.

चाचा चटईवर बसले. खाडीपलीकडच्यांनी शेगडी पेटवली. त्यांच्यात धड रांधणारा कुणी नव्हता. हंगामभर जिंकत आल्याने सवयच नव्हती. कांदा कच्चाच होता तेवढ्यात एकाने मटण टाकलं. चाचांचे खांदे उचलले गेले. कप्तानाने दोन्ही हातांनी ते खाली दाबले.

"बस!"

"अरे, कांदा..."

"जळू दे. तू बस."

"निदान पाणी कमी घाला म्हणून सांग त्यांना."

"चाचा, याल्ला, चल, पाय पसर."

त्यांनी पाय पसरले. भात खाली लागला, वर कच्चा राहिला, मीठ एका कोपऱ्यात गोळा झालं. खाडीपलीकडच्या कप्तानाने पहिलं ताट चाचांसमोर ठेवलं आणि जवळच उभा राहिला, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा. चाचांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

"कसं झालंय, चाचा?"

"वाईट झालंय," चाचा म्हणाले. "आणखी वाढ."

तीनदा वाढून घेतलं. एकदाही उठले नाहीत. खाडीपलीकडच्यांनी मग त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास धरला, हात धुवायला तांब्या आणला, आणि त्यांनी हात पुढे केला तो खरोखर एखाद्या नवरदेवासारखा.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं. ते हरले. वरच्या गटातून खाली गेले. लेफ्ट बॅकने डोळे मिटून घेतले. कुणीतरी त्या मेलेल्या रेफ्रीला शिवी दिली. चाचा मात्र वेगळंच विचारत होते.

"त्या गोलकीपरचं पुढे काय झालं?"

"ते कुठे लिहिलेलं नाही, चाचा."

"म्हणजे? एवढं सगळं छापलंय, आणि हा माणूस कुठं गेला ते नाय छापलं?" ते माझ्यावरच चिडले होते. "मग तू लिही ना!"

त्याचं मला माहीत नाही. चाचांचं माहीत आहे, तेवढं लिहिलं. ते आता आपल्या गावी आहेत, मधूनच फोन करतात आणि नमस्काराआधी स्कोअर विचारतात.

आणि तो स्कोअर सांगताना मला जड जातं, कारण आमच्या गोलमध्ये सध्या मी उभा असतो. तेव्हा एक करा. तुम्ही कुवेतमध्ये असाल आणि तुमच्या ओळखीत, दुकानात, स्वयंपाकघरात, गोदामात मोठ्या हातांचा कुणी असेल, तर या शुक्रवारी सकाळी त्याला अम्गराला पाठवा. गाव कुठलंही चालेल, त्याचं आम्ही बघू. त्याचा मालक सुट्टी देत नसेल, तर मला आदल्या दिवशी त्या मालकाकडे घेऊन चला. आणि तो मालक तुम्हीच असाल, तर मला बोलवायचीही गरज नाही. त्याला आजच सांगून टाका.